ख्रिस्ती घरातील मुलांना अनाथांविषयी आणि गरिबांविषयी आस्था कशी शिकवावी?

तुम्ही लिहिले आहे की, तुमची मुले आठ आणि अकरा वर्षांची आहेत, दर रविवारी उपासनेला येतात, पवित्र शास्त्रातील वचने तोंडपाठ म्हणतात, परंतु मुंबई नाक्याच्या सिग्नलवर एखादे मूल गाडीच्या काचेला हात लावून उभे राहिले की तोंड फिरवतात. तेव्हा अनाथांविषयी आणि गरिबांविषयी आस्था त्यांच्या मनात विश्वासातून कशी रुजवावी? मी नाशिकमध्येच राहते आणि गेली अठरा वर्षे आमच्या मंडळीच्या संडे स्कूलमध्ये याच वयाच्या मुलांना शिकवते. जे प्रत्यक्ष करून पाहिले आहे तेवढेच लिहिते.

बहुतेक घरांत सुरुवात दयेपासून होते. ‘बघ, त्या मुलाला जेवायला मिळत नाही आणि तू ताटात भाजी टाकतोस’ हे वाक्य मीही माझ्या मुलीला अनेकदा ऐकवले आहे. आता ते मी कटाक्षाने टाळते, कारण त्यातून मूल एवढेच शिकते की गरीब माणूस हा आपल्याला धाक घालण्यासाठी किंवा आपले नशीब किती चांगले आहे हे दाखवण्यासाठी असतो. पवित्र शास्त्रात मात्र गरिबाच्या वाट्याची गोष्ट येते. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात देव आपल्या लोकांना सांगतो की, शेतात विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नका आणि द्राक्षमळा एकदा खुडून झाला की मागे राहिलेले पुन्हा वेचू नका. ते परक्याचे, अनाथाचे आणि विधवेचे आहे. लगेच पुढे कारणही दिले आहे: तुम्ही स्वतः मिसर देशात दास होता, याची आठवण ठेवा.

नाशिकच्या मुलाला त्याच अध्यायातील जैतुनाचे झाड समजावून सांगावे लागते, द्राक्षमळा समजावून सांगावा लागत नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मी वर्गातील नऊ मुलांना दिंडोरी तालुक्यातील माझ्या दिरांच्या बागेत नेले. काढणी चालू होती. पेठ आणि सुरगाण्याकडून आलेल्या बायका मांडवाखाली मान वर करून उभ्या होत्या आणि मण्यांवरची पांढरट झाक पुसली जाऊ नये म्हणून प्रत्येक घड देठाला धरून, लहान कात्रीने कापून क्रेटमध्ये अलगद ठेवत होत्या. दुपारी दोन ओळी रिकाम्या झाल्यावर मी मुलांना पानांच्या आड पाहायला सांगितले. तारेला चिकटून राहिलेले, तीन-चार मण्यांचे, वेडेवाकडे असे बरेच घड त्यांना सापडले. मी तिथेच उभी राहून ते वचन वाचून दाखवले. दहा वर्षांच्या एका मुलाने हातातल्या घडाकडे पाहत विचारले, ‘ताई, हे त्यांचे आहे, हे त्यांना कोणी सांगितले आहे का?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. दिरांनी तो ऐकला, काही बोलले नाहीत, आणि संध्याकाळी मजूर निघताना त्यांनी स्वतः सर्वांना सांगितले की, मागे राहिलेला माल घरी घेऊन जा. त्याच दिवशी मुलांना बांधावर एक मुलगी दिसली होती. ती त्यांच्याच वयाची असावी. झोळीतल्या भावाला झोका देत दिवसभर बसून होती. ही शाळेत कधी जाते, हा प्रश्न परतीच्या वाटेवर मुलांनीच काढला. हंगामासाठी आईवडील गाव सोडतात तेव्हा मुलांची शाळाही मागे राहते, हे मी त्यांना सांगितले, आणि पुढच्या रविवारी परकी विधवा रूथ मवाबाहून येऊन बवाजच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे राहिलेली कणसे, वेचते तो अध्याय वाचला. मुले इतक्या लक्षपूर्वक ऐकत होती की मी ती गोष्ट पूर्वी कधी नीट सांगितलीच नव्हती, असे मला वाटले.

दुसरी गोष्ट आपल्या शहराची आहे. तुमची मुले शरणपूर रोडवरून शेकडो वेळा गेली असतील; त्या नावाचा अर्थ त्यांना कोणी सांगितला आहे का, हे विचारून पाहा. 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने ही वसाहत वसवली. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले इथे आणून ठेवली जात, त्यांना लिहायला-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हुन्नर शिकवले जात. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट पुढे मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचा मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या भागातून समुद्रापर्यंत वाहून आणणाऱ्यांत होता आणि 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही होता. यातली बरीच मुले नंतर मोंबासाजवळच्या फ्रिअर टाउन या वसाहतीत गेली. या मुलांना आपली भाषा आणि आपली मूळ नावे मागे टाकावी लागली, हेही मी वर्गात सांगते, कारण आसरा देणाऱ्याच्या हातूनही काहीतरी हिरावले जाऊ शकते, हे अकरा वर्षांच्या मुलाला चांगले कळते.

पंडिता रमाबाईंविषयी सांगताना बहुतेक जण केडगावच्या मुक्ती मिशनपासून सुरुवात करतात. मी त्याच्या आधीपासून सुरुवात करते. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गमावून, उपाशीपोटी भावाबरोबर पायी देश फिरलेली ती मुलगी आधी मुलांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली पाहिजे. मग 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुलींना घेऊन येणाऱ्या रमाबाई त्यांना कळतात.

आता एक चूक सांगते, ती तुमच्या हातून होऊ नये. काही वर्षांपूर्वी नाताळाच्या आदल्या आठवड्यात आम्ही वर्गातील मुलांना केक आणि भेटवस्तू घेऊन एका बालगृहात नेले. तिथल्या मुलांनी रांगेत बसून आमच्यासाठी गाणे म्हटले, आमच्या पालकांनी फोटो काढले आणि तासाभरात आम्ही निघालो. दारापाशी एका मुलीने माझ्या वर्गातल्या मुलीचा हात धरून विचारले, ‘परत कधी येणार?’ तिने सहजपणे ‘पुढच्या रविवारी’ असे सांगितले. आम्ही गेलो नाही. याचा दोष सर्वस्वी माझा होता. माझ्या विद्यार्थिनीने पुढे दोन-तीन रविवार मला त्याची आठवण करून दिली, आणि मी परीक्षांची सबब सांगत राहिले. याकोबाच्या पत्रात अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणे म्हणजे शुद्ध धर्माचरण, असे म्हटले आहे. समाचार घेणे हे एका दिवसाचे काम नाही, हे मला एका लहान मुलीच्या तोंडून शिकावे लागले.

तेव्हापासून आम्ही वर्षाला दहा ठिकाणी जाण्याऐवजी एकाच ठिकाणी दर महिन्याला जातो, परवानगी घेऊन जातो, आणि अभ्यास किंवा कॅरम असे काहीतरी सोबत बसून करतो. फोटो काढत नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. शिवाय उजव्या हाताने दान केले तर ते डाव्या हाताला कळू नये असे येशूने सांगितले आहे, ते मुलांना इथे शब्दशः पाळता येते. बालगृहातील सर्वच मुले अनाथ नसतात, अनेकांची आई किंवा वडील हयात असतात, हे आपल्या मुलांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ती ‘तुझे आईबाबा कुठे आहेत’ असे विचारणार नाहीत. धर्म कोणता, हेही विचारायचे नाही. येशूच्या दाखल्यातील दयाळू शोमरोन्याने वाटेत पडलेल्या जखमी परक्या माणसाला ते विचारले नव्हते.

पैशांच्या बाबतीत मी थोडक्यात सांगते. जे द्यायचे ते मुलाने स्वतःच्या खाऊच्या पैशांतून द्यावे, रक्कम कितीही लहान असो. मार्काच्या शुभवर्तमानातील गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, मुलांना त्याशिवाय समजत नाहीत. आणि फाटके, आपणच टाकून दिलेले कपडे ‘गरिबांना’ म्हणून गोळा करायला त्यांना लावू नका.

सिग्नलवरच्या मुलाविषयी तुमची मुले तोंड फिरवतात याचे एक कारण असे असावे की, काय करायचे ते त्यांना ठाऊक नसते, आणि ते आपल्यालाही ठाऊक नसते. त्या मुलाकडे पाहावे, जमल्यास नाव विचारावे. एखादे मूल एकटे, आजारी किंवा धोक्यात दिसले तर 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करावा. हा क्रमांक माझ्या वर्गातील प्रत्येक मुलाला पाठ आहे. ओळखीच्या एखाद्या घरात वडील वारले असतील, तर राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेतून मुलांसाठी दरमहा मदत मिळू शकते. तो अर्ज भरायला आपण बसतो तेव्हा आपली मुले शेजारी बसलेली असू द्या.

शेवटी घरातली एक गोष्ट सांगते. नाताळात आमच्याकडून करंज्या, शंकरपाळे आणि लाडूंचे ताट समोरच्या बांधकामावरच्या रखवालदाराच्या घरी जाते. कुटुंब सुरगाण्याकडचे आहे, पत्र्याच्या खोलीत राहते. पहिल्या वर्षी ते ताट दुसऱ्या दिवशी परत आले तेव्हा त्यात नागलीचे पापड होते. माझी मुलगी हळूच म्हणाली, ‘आई, आपण त्यांच्याकडून कसे घ्यायचे?’ मी तिला ते ताट दोन्ही हातांनी घ्यायला लावले आणि त्याच रात्री पापड तळले. आता डिसेंबर लागला की ती मला विचारते, या वर्षी पापड येतील ना.