जुन्या साड्या, जीन्स आणि दुधाच्या पिशव्यांपासून खरंच वापरात राहील असं काय बनवता येईल? आणि ते विकलं जाईल का?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरातच राहता, घरी शिलाई मशीन आहे, कपाटात सासूबाईंच्या साड्या आणि मुलांच्या जीन्स साठल्यात, दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन ठेवल्यात. मीही इथेच, घरातल्या एका खोलीत हेच काम करते, म्हणून सरळ सांगते. साठलेल्या ढिगाकडे बघून वस्तू ठरवू नका. स्वयंपाकघरात, दाराशी, बाजारात जाताना काय लागतं ते आधी बघा आणि मग ते काम पेलेल असं कापड ढिगातून काढा. उलटं केलं की बाटल्यांना गुंडाळलेले दोरे आणि सीडीची फुलं तयार होतात. चार दिवस शोकेसमध्ये, पाचव्या दिवशी घंटागाडीत.

साडी खिडकीशी उजेडात धरा. बसायच्या जागी आणि निऱ्यांच्या खालच्या कडेला ती विरलेली असते. दोन्ही अंगठ्यांनी आडवं ताणलं की धागे सरकतात, आणि पुढे टर्रकन फाटतं. तो भाग वाकळीच्या, म्हणजे गोधडीच्या, पोटात भरायला ठेवा. कमरेच्या आतल्या वेढ्याला ऊन लागलेलं नसतं, तिथलं कापड वर दिसायला घ्या. काठाची वीण दाट, त्याच्या पट्ट्या कडांना. आपल्याकडची वाकळ याच हिशोबावर उभी आहे: वर-खाली धड साड्या, मध्ये विरलेलं सगळं, आणि कडेपासून आत आत येणारा धावदोरा. टाक्यांच्या ओळी जवळजवळ असल्या की मधल्या चिंध्या धुण्यात एका कोपऱ्यात गोळा होत नाहीत. पहिल्यांदा शिवणारीने थेट डबल बेडची वाकळ घेऊ नये. पाळण्यातली दुपटी किंवा बसकर घ्या, हात बसतो.

गरम कढई उतरवायला जाड कापड शिवणार असाल तर एक गोष्ट अजिबात विसरू नका. ‘सुती’ म्हणून कपाटात असलेल्या निम्म्या साड्यांत पॉलिस्टर निघतं. कडेचा एक धागा चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला टणक गोळी होते. तीच गोळी उद्या गरम भांड्याला आणि तुमच्या बोटांना चिकटेल. असं कापड पायपुसण्यात घाला, तिथे ते उत्तम, कारण पाणी धरून ठेवत नाही. सुती पायपुसणं दिसायला छान, पण आपल्या जुलैत वाळतंय कुठे? दोन दिवसांत कुबट वास. पायपुसण्यासाठी दोनेक इंची पट्ट्यांची तिपेडी वेणी घालायची आणि टेबलावर सपाट ठेवून गोल शिवत जायचं. मांडीवर घेऊन शिवलंत, दोरा ओढलात, की त्याची वाटी होते.

जीन्सची पिशवी सगळ्यात जास्त चालते. गुडघे सोडून द्या, पोटरीकडचं कापड घ्या, मशीनला १६ नंबरची सुई लावा आणि जाड शिवणीवर चाक हाताने फिरवा. पिशवीचे बंद नुसते तोंडाशी शिवून थांबू नका, तळाखालून फिरवून आणा. कपिलतीर्थ मंडईतून बटाटे, कांदे आणि वर नारळ घेऊन निघालं की वजन तळावर येतं, आणि तोंडाशी शिवलेला बंद तिथेच उसवतो.

आता विक्री. राज्यात २०१८ ला प्लास्टिकबंदी आली तेव्हा वाटलं, कापडी पिशव्यांचे दिवस आले. पण दुकानांत आल्या त्या कापडासारख्या दिसणाऱ्या पातळ पिशव्या, आणि त्याही पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच! त्यांच्या दराशी तुमची पिशवी कधीच भिडणार नाही. शिवाय “जुन्याच कपड्यांची तर आहे, एवढे पैसे?” हे ऐकावं लागतंच. मी त्या वादात पडत नाही. गिऱ्हाइकाने स्वतःच्या घरच्या साड्या आणायच्या, मी वाकळ किंवा पिशवी करून द्यायची, पैसे मजुरीचे. आजीचं लुगडं घेऊन आलेली बाई कापडाचा भाव करत नाही. मजुरी मात्र उसवायला बसल्यापासून मोजा, नुसती शिलाई नाही. उसवणं, धुणं, वाळवणं यातच निम्मा वेळ जातो.

राहिल्या दुधाच्या पिशव्या. त्यांच्या पट्ट्या कापून क्रोशाने विणता येतं, करणारे करतात. पण उन्हात ते प्लास्टिक कडक होतं आणि त्याचे बारीक तुकडे पडायला लागतात, मग ते गोळा करता येत नाहीत. रिकाम्या, धुतलेल्या दुधाच्या पिशव्या भंगारवाला वजनावर घेतो आणि त्या वितळवून पुन्हा वापरल्या जातात. त्या त्याला द्या. चकाकत्या वेफर्सच्या पुड्या तो घेत नाही, कारण त्यांत प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. विणायची हौसच असेल तर त्या घ्या: उभ्या घड्या घालून पट्ट्या करा आणि चटईसारख्या विणा. गाडीच्या डिकीत अंथरायला चालतात.