ओड्वायर आणि डायर: एका ‘व’चं अंतर

प्रश्न असा आला आहे: “जालियनवाला बागेत गोळीबार करवणारा डायर आणि उधमसिंगांनी लंडनमध्ये मारलेला ओडवायर हे भाऊ भाऊ होते का? की एकाच आडनावाची ही लांब आणि आखूड रूपं? आणि ते सुरुवातीचं ‘ओ’ म्हणजे काय?”

भाऊ नव्हेत, आडनावही एक नव्हे. ‘ओ’ म्हणजे मात्र नातू.

गोंधळ होणं अगदी साहजिक आहे. दोघं जन्मले १८६४ साली, १९१९ मध्ये दोघं पंजाबात, आणि एकाच पापाचे धनी. डायरनं गोळ्या झाडवल्या, आणि लेफ्टनंट गव्हर्नर ओड्वायरनं त्या कृत्याला मान्यता असल्याचं वरून कळवलं. डायर १९२७ मध्ये इंग्लंडात आजारपणानं मेला. उधमसिंगांनी १३ मार्च १९४० रोजी कॅक्स्टन हॉलमध्ये ज्याला टिपलं तो मायकेल ओड्वायर. माणूस चुकून मारला असं अजूनही कुणी कुणी ठोकून देतात, ते चूक. (त्याच गोळीबारात लॉर्ड लॅमिंग्टनच्या हाताला जखम झाली होती. हे मुंबई इलाख्याचे जुने गव्हर्नर. लॅमिंग्टन रोड त्यांच्याच नावाचा.)

‘डायर’ हे आडनाव इंग्रजी आहे, धंद्यावरून पडलेलं: कापड रंगवणारा. म्हणजे सरळ आपला ‘रंगारी’. यात चर्चा करण्यासारखं फार काही नाही.

‘ओड्वायर’ मात्र अस्सल आयरिश. मूळ गेलिक (म्हणजे आयरिश भाषेतलं) रूप ‘ओ दिव्हिर’च्या जवळपास उच्चारलं जातं. त्यातला ‘ओ’ हा इंग्रजी ‘ऑफ’चा तुकडा नव्हे. ‘ओ’क्लॉक’मधला ‘ओ’ तसा आहे, म्हणून फसायला होतं. आयरिशमध्ये ‘ओ’ हा स्वतंत्र शब्द आहे. अर्थ नातू, पुढे व्यापक अर्थानं वंशज. ‘मॅक’ म्हणजे मुलगा. आयरिश लिहिताना या ‘ओ’वर एक तिरकी रेघ असते. इंग्रजी कागदपत्रांत ती जाऊन पुढे अपॉस्ट्रॉफी आली, आणि काहीतरी गाळल्याचा भास कायमचा चिकटला. गाळलेलं काहीच नाही! आपल्याकडे ‘कर’ लावून गाव सांगतात, तिथे ‘ओ’ लावून आजा सांगतात, एवढंच.

हा आजा कोण? दुव्हिर किंवा तत्सम नावाचा कुणी पूर्वज. त्या नावात दोन शब्द मानतात: ‘दुव्ह’ म्हणजे काळा (डब्लिनमधला ‘डब’ तोच; डब्लिन म्हणजे काळा डोह), आणि दुसरा मातकट रंगाचा वाचक. थोडक्यात काळासावळा. म्हणजे दोन्ही आडनावांत रंग आहेच, एकात कापडाचा, दुसऱ्यात माणसाचा. हा निव्वळ योगायोग, व्युत्पत्ती म्हणून कृपया पुढे पाठवू नका.

मला यातली खरी गंमत वाटते ती बायकांच्या आडनावात. मुलीला ‘ओ’ लागत नाही, ‘नी’ लागतं, आणि मग पुढच्या ‘द’चा घशातून काढलेला ‘घ’सारखा उच्चार होतो: ‘नी घिव्हिर’. आपल्या सामान्यरूपात शब्दाचं शेपूट बदलतं, यांचं तोंड बदलतं. सख्ख्या भावाबहिणीची आडनावं वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू झाल्यासारखी ऐकू येतात.

इंग्रजी अमलात अनेक घराण्यांनी ‘ओ’ टाकून दिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाषेचा अभिमान जागा झाला तेव्हा पुष्कळांनी तो परत लावला. म्हणून ड्वायर आणि ओड्वायर हे एकच आडनाव. तुमच्या प्रश्नातली लांब-आखूड जोडी आहे, पण ती ही.

आणि या जोडीत मायकेल दोन आहेत. पहिला मायकेल ड्वायर, आयर्लंडमधल्या विक्लोच्या डोंगरातला, जन्म १७७२. इंग्रजांविरुद्धच्या १७९८च्या आयरिश उठावानंतर हा डोंगर सोडीना. १८०३च्या डिसेंबरपर्यंत त्यानं तिथून गनिमी लढाई चालवली. त्याला आणि त्याच्या साथीदारांना हुडकायला इंग्रजांनी डोंगरातून खास लष्करी रस्ता बांधायला घेतला, तो आजही वापरात आहे. शरण आल्यावर त्याला ऑस्ट्रेलियाला धाडलं, तेही ‘तेलिचेरी’ असं केरळातल्या गावाचं नाव असलेल्या जहाजातून. पुढे हाच बंडखोर तिथे पोलिसांचा मुख्य कॉन्स्टेबल झाला! त्याचा पणतू ससेक्सकडून काउंटी क्रिकेट खेळला. दुसरा मायकेल म्हणजे वरचा लेफ्टनंट गव्हर्नर, टिपरेरी परगण्यातला, ड्वायरांच्या मूळ मुलखातला कॅथलिक, आणि तो लाहोरला साम्राज्याचा कट्टर राखणदार. १९१६ मध्ये हा लाहोरात गादीवर असताना लिमरिकचे बिशप एडवर्ड ओड्वायर डब्लिनचा उठाव चिरडणाऱ्या जनरल मॅक्सवेलला जाहीर पत्रातून खडसावत होते. दोन धर्मगुरूंवर कारवाई करा, ही त्याची मागणी त्यांनी साफ धुडकावली. एवढ्यावरून या तिघांचं कूळ एक असं समजू नका. सगळे काळे तरी कुठे एकमेकांचे भाऊबंद असतात? न्यूयॉर्कचे १९४६ ते १९५० या काळातले महापौर विल्यम ओड्वायर तर मेयो परगण्यातले.

आता लिहायचं कसं? ‘ओडवायर’ लिहिलं की मराठी माणूस हमखास ‘ओड-वायर’ असा तोडतो, आणि विजेच्या दुकानात गेल्यासारखं वाटतं. तोड ‘ओ’नंतर आहे: ओ-ड्वायर. म्हणून ‘ड्व’ जोडाक्षरच हवं. वरचा स्वल्पविराम दिला काय नि न दिला काय, देवनागरीत त्याचं काही अडत नाही; मी देत नाही. ‘व’ मात्र खाऊ नका, नाहीतर पुन्हा रंगाऱ्याकडे पोचाल.