लेकीकडे तीन आठवड्यांच्या नातीला बघायला जातोय. मोबाईलने फोटो काढताना फ्लॅश चालेल का?

फ्लॅश बंदच ठेवा; बाळाला खिडकीजवळ आजीच्या मांडीवर द्या, उजेड बाजूने येऊ दे. फ्लॅशने बाळाचे डोळे जातात ही भीती निराधार आहे, पण चेहरा पांढराफटक येतो आणि झोपलेलं बाळ दचकलं की संपलंच. बरीच वर्षं बारशांचे फोटो काढतोय, त्यावरून सांगतो: दूध पिऊन ढेकर काढल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात कामाची. या वयात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचंच त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं, म्हणून आजीने तेवढं जवळ वाकावं, मग नजरानजरेचा फोटो मिळतो. ट्यूबलाइट घालवा, नाहीतर रंग बिघडतात. फक्त थेट ऊन तोंडावर नको, आणि फॅमिली ग्रुपवर टाकण्याआधी लेकीला विचारा.