जुन्या गाडीचा टायर प्रेशरचा दिवा हवा भरूनही विझत नाही, काय करावे?

आधी दिवा नीट बघा. गाडी सुरू केल्यावर तो साधारण मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहत असेल, तर दोष हवेत नाही, यंत्रणेत आहे. चाकातल्या सेन्सरची बॅटरी ५ ते १० वर्षांत संपते. ती सीलबंद असते, त्यामुळे सेन्सरच बदलावा लागतो आणि बऱ्याच गाड्यांत नवा सेन्सर स्कॅनरने गाडीला ओळखवून द्यावा लागतो. चारही एकाच वयाचे असतील तर टायर बदलतानाच सगळे बदला, मजुरी एकदाच पडते.

मुंबईत खरा शत्रू खारी हवा आणि पावसाळा. सेन्सर ज्याला जोडलेला असतो त्या अ‍ॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन (हवा अडवणारा आतला भाग) बसवली की ती गंजून आतच चिकटते, मग काढताना व्हॉल्व्हच तुटतो. निकेलचा मुलामा असलेली पिन आणि प्लास्टिकचेच झाकण मागा. टायर उतरवला की व्हॉल्व्हचे रबरी सील, नट आणि पिन नवीन घाला. पंक्चरवाल्याला सेन्सर असल्याचे आधीच सांगा, नाहीतर टायर उचकटायच्या पट्टीचा दाब नेमका त्यावर येतो.

काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतोच, एबीएसवरून (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) चाकांच्या वेगातून हवेचा अंदाज घेतला जातो. तिथे थंड टायरमध्ये दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याइतकी हवा भरून रीसेट करणे सहसा पुरते.