वाचकांचे प्रश्न : आदिवासी विद्यार्थी आणि विद्यापीठाची वाट

बारावीच्या निकालानंतर या सदराकडे येणाऱ्या पत्रांत यंदा आदिवासी विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या पालकांची पत्रे बरीच आहेत. त्यांपैकी पाच पत्रे निवडून हा संपूर्ण भाग त्यांच्यासाठी ठेवला आहे. पहिल्या उत्तराला अधिक जागा दिली आहे, कारण बाकीच्या सगळ्या सवलतींचे दार तिथूनच उघडते.

प्रश्न : आम्ही धडगाव तालुक्यातील पावरा. मुलगी अकरावी विज्ञान शाखेत आहे आणि पुढे कृषी किंवा अभियांत्रिकीला जायचे म्हणते. प्रांताधिकाऱ्यांनी दिलेला जमातीचा दाखला आमच्याकडे आहे, तरी कॉलेजात ‘व्हॅलिडिटी’ मागतात. माझे वडील शाळेत गेलेच नाहीत. एका जुन्या कागदावर आमच्या घराण्याची नोंद ‘भिल्ल’ अशी आहे आणि मुलीच्या दाखल्यावर ‘पावरा’ आहे. यामुळे अडचण येईल का?

उत्तर : आपण मुलगी अकरावीत असतानाच विचारले, हे फार चांगले झाले. जमातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. दाखला उपविभागीय अधिकारी देतात आणि तो खरा आहे की नाही, हे अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समिती ठरवते. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा असेल तर समितीचे प्रमाणपत्र लागते. या पद्धतीचा पाया सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली माधुरी पाटील प्रकरणात घातला आणि पुढे महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा बळकावणाऱ्यांना रोखणे हा त्यामागचा हेतू होता आणि तो योग्यच होता. मात्र पुरावे जमवण्याचा भार ज्यांच्या घरात तीन पिढ्या कागद आलाच नाही, अशा खऱ्या आदिवासी कुटुंबांवर सर्वांत जास्त पडतो, ही गोष्ट मला दर वर्षी अस्वस्थ करते.

आता आपल्या शंकेविषयी. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आठव्या क्रमांकाची नोंद भिल्ल समूहाची असून त्याच नोंदीत तडवी भिल्ल, वसावे, भिलाला आणि पावरा ही नावेही आहेत. म्हणजे जुन्या कागदावर ‘भिल्ल’ आणि दाखल्यावर ‘पावरा’ असणे म्हणजे दोन निरनिराळ्या जमाती सांगणे नव्हे. तरीही ही बाब अर्जासोबतच्या शपथपत्रात आपण होऊन स्पष्ट लिहावी, म्हणजे समितीकडून त्रुटीचे पत्र येऊन दोन महिने वाया जाणार नाहीत.

पुराव्यांत ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदींना सर्वाधिक वजन असते, कारण अनुसूचित जमातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश त्या तारखेचा आहे. आपले वडील शाळेत गेले नसतील, पण त्यांचे चुलते, आत्या किंवा चुलत भाऊ कोणी गेले असतील तर प्राथमिक शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा काढावा. शाळेची नोंद कोणाचीच नसेल तर गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंद, ज्याला आपल्याकडे कोतवाल बुकाची नक्कल म्हणतात, ती तहसील कार्यालयात शोधावी. जुने फेरफार आणि सातबारेही पाहावेत. त्या काळी आपला भाग पश्चिम खानदेशात होता आणि नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो १९९८ साली, म्हणून नंदुरबारला काही सापडले नाही तर धुळ्यातही चौकशी करावी. वनगावांत अनेकांकडे जमिनीचा जुना कागदच नसतो. अशा घरांत वनहक्काच्या दाव्यासाठी जपून ठेवलेल्या वनखात्याच्या दंडाच्या पावत्या असतात. त्यांवर आजोबा-पणजोबांचे नाव आणि गाव असते, आणि वंशावळ जुळवताना त्यांचा उपयोग होतो. ट्रंकेतली एकही पावती टाकून देऊ नये.

वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातील कोणाला समितीने रीतसर चौकशी करून वैधता दिली असेल, तर तो फार मोठा आधार ठरतो आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली अपूर्वा निचळे प्रकरणात हे तत्त्व स्पष्ट केले आहे. त्या नातलगाचे वैधता प्रमाणपत्र आणि त्याच्याशी आपले नाते दाखवणारी वंशावळ जोडावी. काही मुलांना समितीसमोर रूढी, देवदेवता, लग्नाच्या पद्धती विचारल्या जातात आणि आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढलेल्या मुलांना त्या नीट सांगता येत नाहीत. या आप्तभाव चाचणीला अंतिम कसोटी मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सांगितले आहे. तेव्हा मुलीला घाबरवू नका, पण सुटीत ती घरी आली की आजीजवळ बसवा. समितीसाठी नाही झाले तरी ते तिचेच आहे.

अर्ज कॉलेजच्या शिक्क्यानिशी आणि बोनाफाईड प्रमाणपत्रासह याच वर्षी जाऊ द्या. बारावीनंतर प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्यावर केलेला अर्ज बहुतेकदा वेळेत निकाली निघत नाही. आणखी एक : अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र लागत नाही. सेतू केंद्रावर कोणी ते काढायला सांगून पैसे मागितले तर देऊ नयेत.

प्रश्न : मी जव्हारचा, वारली समाजातला. पुण्यात बीएस्सीला प्रवेश मिळाला, पण आदिवासी वसतिगृहाच्या यादीत माझे नाव नाही. वडील म्हणतात, खोलीचे भाडे आणि मेस आपल्याला झेपणार नाही, तू जव्हारलाच राहा. कॉलेजने पूर्ण फी आधी भरायला सांगितले आहे. मी काय करावे?

उत्तर : एवढ्यावर पुणे सोडू नका. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठीच पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आहे. तिच्यात भोजन, निवास आणि निर्वाह यांसाठीची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांसाठी ती वर्षाला ६०,००० रुपये, इतर महानगरपालिका क्षेत्रांसाठी ५१,००० रुपये आणि जिल्ह्याच्या ठिकाणांसाठी ४३,००० रुपये अशी ठरवण्यात आली. पुण्याच्या आजच्या भाड्यांकडे पाहता ही रक्कम पुरेशी आहे, असे मी म्हणणार नाही. पण दोघातिघांनी मिळून खोली घेतली तर वर्ष निभावते. यासाठी आधी वसतिगृहाचा अर्ज केलेला असावा लागतो, घर त्या शहरात नसावे लागते आणि महाविद्यालयातील हजेरी नीट राखावी लागते. हप्ते उशिरा येतात हे गृहीत धरून पहिल्या तीन महिन्यांची तजवीज मात्र घरून करावी लागेल, हे वडिलांना आजच मोकळेपणाने सांगा.

फीचा विषय वेगळा आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, आणि उत्पन्न त्याहून अधिक असले तरी राज्याच्या योजनेतून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क मिळू शकते. दोन्हींचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. पात्र विद्यार्थ्यांकडून हे शुल्क प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, अशा सूचना शासनाने महाविद्यालयांना वेळोवेळी दिल्या आहेत, तरीही काही ठिकाणी ते मागितले जाते. तोंडी वाद घालू नका. ‘मी शिष्यवृत्तीस पात्र आहे, माझा अर्ज मी भरणार आहे’ असे प्राचार्यांच्या नावे लेखी द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. तरी ऐकले नाही तर ती प्रत घेऊन एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जा. पोच असलेल्या कागदापुढे कारकुनाची भाषा बदलते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हे शाखेत जाऊन तपासा. खाते उघडताना आधार कार्डाची प्रत दिली म्हणजे आधार-जोडणी झाली, असे मुलांना वाटते. तसे नसते. शासनाची रक्कम ज्या खात्याशी आधार शेवटचा जोडलेला आहे तिथेच जाते, आणि गावाकडच्या जुन्या खात्यात पैसे पडून असताना मुलगा पुण्यात उधारीवर जेवत असल्याची उदाहरणे आहेत. वडिलांच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चपर्यंत असते, तो दर वर्षी नवा काढावा लागतो.

प्रश्न : आदिवासींसाठी स्वतंत्र विद्यापीठ आहे, असे ऐकले. मी गोंदिया जिल्ह्यातील गोंड विद्यार्थी आहे. तिथे जावे का?

उत्तर : मध्य प्रदेशात अमरकंटकला इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठ आहे. २००७ सालच्या कायद्याने ते केंद्रीय विद्यापीठ म्हणून स्थापन झाले, आणि पदवीचा प्रवेश सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. तिथे सर्व समाजांचे विद्यार्थी शिकतात. तुमच्या जिल्ह्यापासून ते पुण्या-मुंबईपेक्षा जवळ आहे. गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ साली सुरू झाले, पण ते राज्य विद्यापीठ असून चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. नाव पाहून मात्र विद्यापीठ निवडू नका. तुम्हाला शिकायचा विषय, तो शिकवणारे प्राध्यापक आणि वसतिगृहाची सोय या तीन गोष्टी विचारून मगच ठरवा. गणित उत्तम असेल तर आयआयटीचा विचारही मनातून काढू नका. तिथे अनुसूचित जमातीसाठी साडेसात टक्के जागा राखीव असतात, शिकवणी शुल्क पूर्ण माफ असते, आणि गुणवत्ता यादीत थोडक्यात मागे राहिलेल्यांसाठी एक वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रमही असतो.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील कोलाम समाजाचा असून समाजशास्त्रात एम.ए. करतो आहे. पुढे पीएच.डी. करायची आहे. परदेशात शिकण्याची संधी आमच्यासारख्यांना खरोखर मिळते का?

उत्तर : मिळते, आणि तुमच्यासाठी तिच्यात वेगळ्या जागाही आहेत. केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत वर्षाला २० जागा असतात. त्यांपैकी ३ जागा विशेष असुरक्षित आदिम जमातींसाठी आहेत. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती त्या वर्गात येतात. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ६ लाख रुपये आहे, आणि पदव्युत्तर शिक्षण, पीएच.डी. व त्यानंतरचे संशोधन यांसाठी ती मिळते. देशभरात तीन जागा म्हणजे फार थोड्या, हे खरेच आहे. पण अर्ज करण्याइतकी माहिती किती कोलाम मुलांपर्यंत पोहोचते, याचाही विचार करा.

देशातच संशोधन करायचे असेल तर अनुसूचित जमातींच्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीत (फेलोशिपमध्ये) दर वर्षी ७५० जागा असतात. तिथे निवड पदव्युत्तर परीक्षेच्या गुणांवर होते, म्हणून एम.ए.चे शेवटचे सत्र हलक्यात घेऊ नका. पीएच.डी.ला नोंदणी आधी व्हावी लागते, आणि त्यासाठी मार्गदर्शक मिळवणे हेच खरे काम आहे. पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या ग्रंथालयात आठवडाभर बसून कोलामांवर आजवर काय लिहिले गेले ते वाचा. ते बहुतेक बाहेरच्यांनी लिहिलेले आहे. पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा माणूस पोडाविषयी काय विचारील, हे तुम्हालाच माहीत आहे, आणि संशोधनाचा आराखडा त्या प्रश्नापासून सुरू झाला तर तो वेगळा उठून दिसेल.

प्रश्न : मी धारणीची, घरात आम्ही कोरकू बोलतो. शहरातील कॉलेजात मी बोलू लागले की मुली हसतात. एका शिक्षकांनी सर्वांसमोर ‘कोट्यातून येतात आणि साधी मराठीही येत नाही’ असे म्हटले. तेव्हापासून मी वर्गात बोलत नाही. घरी परत जावेसे वाटते.

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्या शिक्षकांचे बोलणे चुकीचे होते, आणि ते तुमच्या मनातून जाण्याआधी तुम्हाला एक गोष्ट माहीत असावी असे मला वाटते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे. संताळी आणि मुंडारी या तिच्या बहिणी दूर झारखंडकडे बोलल्या जातात, आणि या कुळाची सर्वांत पश्चिमेकडची भाषा म्हणून भाषाशास्त्रज्ञ कोरकूकडे पाहतात. मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. म्हणजे मराठी ही तुम्ही शाळेत जाऊन मिळवलेली दुसरी भाषा आहे आणि इंग्रजी तिसरी. तुमच्यावर हसणाऱ्या मुलींपैकी कितीजणींनी आपल्या आईच्या भाषेशी काहीच संबंध नसलेल्या भाषेत बारावीची परीक्षा दिली असेल?

राखीव जागा ही कोणाची मेहेरबानी नाही, ती राज्यघटनेने दिलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या विनियमांनुसार उच्च शिक्षण संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असणे अपेक्षित आहे. झालेला प्रसंग तारीख, तास आणि तेव्हा हजर असलेल्यांची नावे यांसह वहीत लिहून ठेवा. तक्रार करायची की नाही, हे तुम्ही ठरवा. त्यासाठी कोणी तुम्हाला घाई करू नये आणि कोणी थांबवूही नये. करायची असेल तर विश्वासातल्या एखाद्या प्राध्यापिकेला सोबत घ्या. रात्री झोप लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ते एकटीने सोसू नका. टेलिमानस ही शासनाची समुपदेशन सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

वर्गात लगेच बोलले पाहिजे असे नाही. पुढचे दोन आठवडे एकच करून पाहा. तास संपल्यावर त्या विषयाच्या एका शिक्षकांकडे एक शंका लिहून घेऊन जा आणि ती कागद पाहून वाचा. वसतिगृहात मेळघाटातल्या आणखी मुली असतील तर संध्याकाळी अर्धा तास त्यांच्यासोबत त्या दिवसाचा धडा कोरकूत एकमेकींना समजावून सांगा. आपल्या भाषेत समजलेला मुद्दा दुसऱ्या भाषेत मांडणे पुष्कळ सोपे जाते. सत्र संपल्यावर कसे चालले आहे, ते मला पुन्हा लिहा.