पिंग चालतंय, मग सीआयसीएस का उघडत नाही?

प्रश्न: मी लिनक्स सर्व्हरचं नेटवर्किंग करायचो, आता मेनफ्रेम टीममध्ये आलोय. झेड/ओएसची (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) नेटवर्किंगची गाइडं प्रचंड जाड आहेत, उघडलं की व्हीटॅम, एलयू, मेजर नोड. त्यात एक तक्रार सारखी येते, युजरच्या एम्युलेटरवर (पीसीवरचं मेनफ्रेम टर्मिनल) पहिली स्क्रीन दिसते पण सीआयसीएसचं (मेनफ्रेमवर व्यवहारांची ॲप्लिकेशन्स चालवणारं सॉफ्टवेअर) नाव टाकलं की सेशनच लागत नाही. पिंग चालू असतं. वाचायला सुरुवात कुठून करू?

उत्तर: पहिली स्क्रीन येतेय म्हणजे टीसीपीचा अर्धा रस्ता पार झालाय, तिकडे आता वेळ घालवू नका. इथे दोन नेटवर्क एकमेकांना जोडलेली आहेत हे एकदा डोक्यात बसलं की गाइडं बरीच सोपी वाटतात. आयबीएमने एसएनए हे स्वतःचं नेटवर्किंग १९७४ मध्ये आणलं, त्यात सगळा कारभार नावांवर चालतो, टर्मिनललाही नाव आणि ॲप्लिकेशनलाही नाव, आणि ही नावं सांभाळतो व्हीटॅम. टीसीपी/आयपी नंतर त्याच्या शेजारी येऊन बसलं. तुमच्या युजरचा एम्युलेटर टीसीपीवरून टीएन३२७० सर्व्हरपर्यंत (मेनफ्रेमवरचा टेलनेट सर्व्हर) येतो, तो सर्व्हर त्याला एक एलयू (लॉजिकल युनिट, म्हणजे एसएनएच्या लेखी टर्मिनल) नाव देतो आणि त्या नावाने व्हीटॅमकडे जाऊन सीआयसीएसशी सेशन मागतो. ती पहिली स्क्रीनसुद्धा बहुतेक वेळा टीएन३२७० सर्व्हरच दाखवत असतो, सीआयसीएसला अजून कुणी आलंय याचा पत्ताही नसतो!

म्हणून आधी टेलनेटच्या डिस्प्ले कमांडने त्या युजरला कुठला एलयू मिळालाय ते बघा. मग डिस्प्ले नेट कमांडला आधी तो एलयू द्या आणि मग सीआयसीएसचं नाव द्या. एलयू व्हीटॅमला माहीतच नसेल तर तो ज्या मेजर नोडमध्ये (व्हीटॅमच्या व्याख्यांचा गट) लिहिलाय तो ॲक्टिव्ह केलाय का ते तपासा, आणि सीआयसीएस ॲक्टिव्ह नसेल तर प्रश्न नेटवर्कचा नाहीच. व्हीटॅमने सेन्स कोड (सेशन का लागलं नाही हे सांगणारा) दिला असेल तर आठही अंक जसेच्या तसे लिहून घ्या, अर्धवट कोडवरून अंदाज करत बसण्यात दिवस जातो.

वाचायचं म्हणाल तर गाइड आणि रेफरन्स ही वेगळी पुस्तकं आहेत, नवीन माणूस रेफरन्स उघडतो आणि तिथेच हबकतो, त्यात नुसतं सिंटॅक्स असतं. आधी आयपी कॉन्फिगरेशन गाइड घ्या, आणि शेजारी तुमच्याच सिस्टिमची टीसीपीआयपी प्रोफाइल (सेटिंगची फाइल) उघडी ठेवा, एकेक ओळ घेऊन ती का आहे ते गाइडमध्ये शोधा. ओएसए म्हणजे तुमचं नेटवर्क कार्ड, व्हीपा म्हणजे कुठल्याही एका कार्डाला न बांधलेला आयपी, एक कार्ड गेलं तरी दुसऱ्या कार्डावरून तोच पत्ता चालू राहतो. लिनक्सवाल्याला हे लगेच पटतं.

प्रश्न: मेनफ्रेमवरून एफटीपीने आणलेल्या फाइलमध्ये नावं नीट दिसतात पण रकमांच्या जागी कचरा येतो, असं का?

उत्तर: रकमा पॅक्ड डेसिमलमध्ये (एका बाइटात दोन अंक कोंबलेले) असणार. टेक्स्ट मोडमध्ये एफटीपी प्रत्येक बाइट एबसीडिकमधून (मेनफ्रेमची अक्षरांची कोडपद्धत) आस्कीत (पीसी-लिनक्सची) बदलतो, ए अक्षर हेक्स सी१ चं ४१ होतं, ते बरोबरच आहे, पण पॅक्ड आकडा म्हणजे अक्षरं नव्हेत, त्याचेही बाइट बदलले की आकडा गेला. फाइल बायनरीत आणा, रेकॉर्डच्या लांबीप्रमाणे तुकडे करा, आणि कॉपीबुक (रेकॉर्डमधल्या फील्डांची मांडणी) बघून फक्त अक्षरांची फील्डं बदला.