वाचकांचे प्रश्न : करारावर सही झाली, कायदा कधी बदलतो?

भारताने एखाद्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली की तो इथल्या कोर्टात लागू होतो का? वर्गात दोन प्राध्यापकांनी दोन वेगळी उत्तरे दिली. – विधी शाखेची विद्यार्थिनी, नाशिक

सही झाल्याने नाही, आणि अनुसमर्थन, म्हणजे सहीनंतर करार आपल्यावर बंधनकारक असल्याची औपचारिक मान्यता, झाल्यानेही आपोआप नाही. करार करणे हे केंद्र सरकारचे काम आहे. त्यासाठी संसदेची आगाऊ परवानगी लागत नाही. पण करारामुळे नागरिकाचा हक्क, कर किंवा शिक्षा बदलणार असेल तर कायदा हवा. तो करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम २५३ ने संसदेला दिला आहे, आणि विषय राज्यसूचीतला, म्हणजे एरवी राज्यांच्या अखत्यारीतला असला तरी तो अधिकार चालतो. हवा प्रदूषणाचा १९८१ चा कायदा आणि पर्यावरण संरक्षणाचा १९८६ चा कायदा १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेचा हवाला देऊन याच मार्गाने आले.

कोणता बदल कोणत्या कागदावर करायचा, हा खरा प्रश्न आहे. भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा असेल तर साधा कायदा पुरत नाही. बंगालमधल्या बेरुबारीचा भाग पाकिस्तानला देण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली तसे स्पष्ट केले आणि त्यासाठी नववी घटनादुरुस्ती झाली. बांगलादेशाशी छिटमहालांची, म्हणजे एका देशाच्या हद्दीत अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या तुकड्यांची अदलाबदल करताना २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती करावी लागली. उलट, कच्छच्या सीमेवरील लवादाचा निवाडा हा फक्त वादग्रस्त रेषेची निश्चिती आहे, म्हणून त्याला घटनादुरुस्ती लागत नाही, असे १९६९ साली ठरले. करांच्या बाबतीत कागद वेगळा आहे. दुहेरी कर टाळण्याच्या करारातली सवलत मागायची तर आयकर कायद्याखालची अधिसूचना निघालेली असली पाहिजे, असे न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ च्या नेस्ले प्रकरणात सांगितले. त्यानंतर कित्येक परदेशी कंपन्यांचा हिशोब चुकला.

‘लागू होतो’ म्हणणाऱ्या तुमच्या दुसऱ्या प्राध्यापकांचेही थोडे बरोबर असावे. कायदा नसला तरी कोर्ट कराराकडे पाठ फिरवत नाही. १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात न्या. कृष्णा अय्यर यांनी दोन्ही गोष्टी एकाच निकालात सांगितल्या. नागरी व राजकीय हक्कांचा करार हा देशांतर्गत कायदा नाही. तरीही आपल्या कायद्याचे त्याच्याशी सुसंगत वाचन करायचे तर केवळ पैसे नाहीत म्हणून कर्जदाराला तुरुंगात टाकता येणार नाही, त्याची लबाडी दाखवावी लागेल. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या १९९७ च्या विशाखा निकालात तर कायद्याची पोकळीच स्त्रियांविषयीच्या भेदभावविरोधी कराराच्या आधाराने भरून काढली, आणि कायदा यायला २०१३ उजाडले. मात्र लिखित कायदा कराराच्या स्पष्टपणे उलट बोलत असेल तर कोर्टात कायदाच जिंकतो. परीक्षेत हे शेवटचे वाक्य विसरू नका. गुण तिथेच जातात.

सहीवरच थांबलेल्या कराराचेही उदाहरण आहे. छळविरोधी करारावर भारताने ऑक्टोबर १९९७ मध्ये सही केली, पण अनुसमर्थन अजून केलेले नाही. २०१० साली लोकसभेने विधेयक मंजूर केले, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले आणि पुढे ते बारगळले.

जागतिक व्यापार संघटनेच्या दबावाखाली आपला पेटंट कायदा बदलला असे ऐकतो. मग जुन्या औषधाच्या नुसत्या नव्या रूपाला पेटंट नाकारणारे कलम ३(डी) कसे टिकले? आम्ही औषधांचा कच्चा माल बनवतो. – लघुउद्योजक, अंबरनाथ

१९७० च्या कायद्यात औषध आणि अन्न यांच्या पदार्थावर पेटंट मिळतच नव्हते. मिळायचे ते फक्त बनवण्याच्या प्रक्रियेवर, आणि तेही अर्जापासून सात किंवा पेटंट मिळाल्यापासून पाच वर्षे, यांतला जो काळ कमी असेल तेवढेच. ट्रिप्स, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेविषयीचा करार, १ जानेवारी १९९५ ला लागू झाला. औषधाच्या पदार्थावर पेटंट द्यायला भारताला १ जानेवारी २००५ पर्यंत मुभा होती, पण दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्या होत्या. एक, औषधांचे अर्ज स्वीकारून राखून ठेवण्याची सोय. तिला ‘मेलबॉक्स’ म्हणतात. दुसरी, अशा अर्जदाराला काही अटींवर पाच वर्षांपर्यंत एकट्यानेच विक्री करण्याचा हक्क.

सरकारने ३१ डिसेंबर १९९४ ला अध्यादेश काढला. तो मार्च १९९५ मध्ये संपला. लोकसभेने मंजूर केलेले विधेयक राज्यसभेत अडले आणि १९९६ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर मेले. मधल्या काळात पेटंट कार्यालयाला तोंडी-लेखी सूचना होत्या : अर्ज घ्या, बाजूला ठेवा. अर्ज येतही होते. तरी अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली आणि भारत हरला. अपील मंडळाचा निकाल १९ डिसेंबर १९९७ चा. कारण नेमके होते. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे पेटंट नियंत्रकाने अर्ज तपासणीला पाठवायला हवा होता आणि औषधाच्या पदार्थावरचा अर्ज फेटाळायलाच हवा होता. उद्या एखादा प्रतिस्पर्धी कोर्टात गेला असता तर खात्याची सूचना कायद्यापुढे टिकली नसती. राखून ठेवलेल्या अर्जाला भक्कम आधार नाही, मुख्यतः यावर निकाल लागला. आमच्या मते तो योग्यही होता. परिपत्रकाने कायदा झाकता येत नाही, हे आपल्याच कोर्टांनी किती वेळा सांगितले आहे!

मग मार्च १९९९ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ जानेवारी १९९५ पासून लागू धरून. २००२ च्या दुरुस्तीने सर्व पेटंटांची मुदत २० वर्षे केली. शेवटचा टप्पा पुन्हा अध्यादेशाने, २६ डिसेंबर २००४ ला, आणि एप्रिल २००५ मध्ये कायद्याने आला.

दबाव होता, हे खरे. पण ट्रिप्सचे कलम २७ नवेपणा, कल्पकता आणि औद्योगिक उपयोग मागते. या शब्दांच्या व्याख्या मात्र करत नाही. त्या प्रत्येक देशाने ठरवायच्या. २००५ च्या विधेयकावर सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या डाव्या पक्षांनी जोर लावला आणि ३(डी) कडक झाले. माहीत असलेल्या पदार्थाचे नवे रूप, म्हणजे क्षार, स्फटिक, एस्टर इत्यादी, परिणामकारकता लक्षणीय वाढल्याशिवाय शोध मानायचे नाही. नोव्हार्टिस या स्विस औषध कंपनीने यालाच ट्रिप्सविरोधी म्हणून मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिले. करारभंग ठरवण्याची जागा आपण नव्हे, असे कोर्टाने २००७ मध्ये सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ ला इमॅटिनिब मेसिलेट या तिच्या कर्करोगावरील औषधाच्या बीटा स्फटिकाचा दावा फेटाळताना औषधाची परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची ताकद, असा अर्थ लावला. भुकटी नीट वाहते, ओलावा कमी धरते, हे गुण पुरले नाहीत.

तुमच्यासाठी कामाचे असे की तुमच्या मालाच्या नव्या रूपावर कोणी अर्ज केला असेल तर पेटंट मिळण्यापूर्वी कलम २५(१) खाली कुणालाही विरोध नोंदवता येतो. अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. पेटंटच्या राजपत्रावर नजर ठेवा. २०२४ च्या नियमांनी अशा विरोधाला शुल्क आणि प्राथमिक ग्राह्यता तपासणी लावली आहे, म्हणून ढोबळ तक्रार पाठवून भागत नाही. जुने पेटंट, प्रकाशित लेख आणि दोन रूपांची तुलनात्मक आकडेवारी सोबत हवी. पेटंट मिळाल्यावर मात्र विरोध फक्त ‘हितसंबंधित’ व्यक्तीला करता येतो, तोही मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत.

माझ्याकडे आफ्रिकन ग्रे पोपट आहे, शिवाय बजरीगार आणि एक साधा हिरवा पोपट. नव्या कायद्यात कशाची नोंदणी करायची? – पक्षिप्रेमी, कोल्हापूर

तिघांची तीन उत्तरे आहेत, आणि सर्वांत जास्त धोका तुम्हाला सर्वांत साधा वाटणाऱ्या पक्ष्यात आहे. आपला हिरवा, गळ्यात कंठी असलेला पोपट हा भारतातला वन्यपक्षी. तो पाळणे गुन्हा आहे आणि कोणत्याही नोंदणीने तो कायदेशीर होत नाही. जवळच्या वनविभाग कार्यालयाशी बोला. स्वतः उडवून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर जगत नाही.

बजरीगारला काही लागत नाही. धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापाराचा साइट्स करार बहुतेक सर्व पोपटांना लागू आहे, पण बजरीगार आणि कॉकाटील त्यातून वगळले आहेत.

ग्रे पोपट जानेवारी २०१७ पासून साइट्सच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहे. भारत १९७६ पासून या कराराचा सदस्य असला तरी अंमल मुख्यतः सीमाशुल्क आणि आयात-निर्यात धोरणातूनच व्हायचा. माल एकदा आत आला की परदेशी प्राण्यावर वन्यजीव कायद्याची पकड नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, साइट्सची यादी चौथी अनुसूची म्हणून कायद्यात आणली. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी आधीपासून प्राणी असणाऱ्यांना नोंदणीसाठी सहा महिने दिले. ती मुदत २८ ऑगस्ट २०२४ ला संपली. अर्ज ‘परिवेश’ संकेतस्थळावर, राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करायचा असतो. मुदत चुकली असेल तर उशिराचे कारण लिहून अर्ज करा, लपवू नका. खरेदीची पावती, पायातल्या कडीचा क्रमांक आणि पक्ष्याचे फोटो जवळ ठेवा. अनुसूची शास्त्रीय नावाने चालते, त्यामुळे दुकानदाराने सांगितलेल्या बाजारी नावावर विसंबू नका. पुढे पक्षी दुसऱ्याला दिला, पिल्ले झाली किंवा तो मेला, तरी ते कळवणे बंधनकारक आहे. बहुतेक लोक एकदा नोंदणी करून इथेच थांबतात.

अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकांचे ध्वनिमुद्रण करतो. प्रकाशकाची परवानगी लागते का? – स्वयंसेवी संस्था, पुणे

नाही. इथे आपला कायदा कराराच्या पुढे होता. कॉपीराइट कायद्यात २०१२ सालीच कलम ५२(१)(झेडबी) आले, म्हणून अंध वाचकांना सुलभ प्रती मिळाव्यात यासाठीच्या मॅराकेश कराराचे जून २०१४ मध्ये पहिले अनुसमर्थन भारतालाच करता आले. संस्थेला दोन अटी आहेत : फक्त निर्मितीखर्चाएवढेच पैसे घ्यायचे, आणि प्रत दृष्टिबाधित किंवा अन्य दिव्यांग वाचकांकडेच राहील याची काळजी घ्यायची. कोणाला कोणते पुस्तक दिले याची नोंदवही त्यासाठीच ठेवा. ध्वनिमुद्रण सर्वांसाठी यूट्यूबवर टाकले की ही सवलत संपते. नफ्यावर काम करायचे असेल तर कलम ३१ब खाली वेगळा परवाना घ्यावा लागतो.